टब भरला तर गळत नाही, उभं राहिलं की गळतं

पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा ॲक्रिलिक बाथटब. खालच्या काकूंच्या छताला ताटाएवढा ओला डाग, कडेने रंगाचे पापुद्रे सुटलेले. आधी कोणीतरी सगळं बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करायला सांगून गेलं होतं. पण टबाखालचं पाणी चार ठिकाणांहून येऊ शकतं: वेस्ट कपलिंग (तळाच्या भोकात बसवलेला, पाणी बाहेर सोडणारा जोड), ओव्हरफ्लोचं म्हणजे जादा पाणी जाण्याच्या वरच्या भोकाचं वायसर, पाइपचा जोड, नाहीतर टब आणि भिंतीमधली फट. ही चारही तपासल्याशिवाय फोडाफोडी करायची नाही.

टब बांधून काढताना आत पाहायला झाकण ठेवलंच नव्हतं, त्यामुळे नळाकडच्या बाजूच्या २ टाइल्स ग्राइंडरने कापाव्या लागल्या. आतली जमीन पुसून कोरडी केली, कपलिंगखाली वर्तमानपत्र अंथरलं. टबात जिलेबीचा केशरी रंग अर्धा चमचा टाकला, बूच लावून ओव्हरफ्लोच्या खालपर्यंत पाणी भरलं. तासभर थांबलो, कागद कोरडा. मग ओव्हरफ्लोवरून पाणी जाऊ दिलं, कोरडा. बूच काढून सगळं पाणी सोडलं, तरीही कोरडा. भिंतीच्या फटीवर पंधरा मिनिटं शॉवर धरला, तिथूनही काही नाही.

इथे बरेच जण हात टेकतात. पण आपल्याकडे टबात लोळणारे थोडे. बहुतेक जण त्यात उभं राहून शॉवर घेतात, तेही नळाजवळ, म्हणजे बरोबर कपलिंगच्या शेजारी. भरलेल्या पाण्याचं वजन सगळ्या तळावर पसरतं, माणसाचं दोन पावलांवर येतं. टबात पुन्हा बोटभर केशरी पाणी घेऊन घरमालकांना तिथे उभं केलं आणि बॅटरी घेऊन आत पाहिलं. तळ दबला आणि चेकनटच्या, म्हणजे कपलिंग खालून आवळणाऱ्या नटाच्या, कडेने केशरी थेंब सुटला. दोन सेकंदांना एक. किरकोळ वाटतो, पण २० थेंबांचा साधारण १ मिलिलिटर धरला तर तासाला ९० मिलिलिटर पाणी होतं.

कपलिंग काढल्यावर कारण दिसलं. चेकनट थेट रबरावर आवळलेला होता, त्यामुळे रबर नटासोबत फिरून एका बाजूला मुडपलं होतं. क्रम असा हवा: टबाला लागून रबर वायसर, त्याखाली प्लॅस्टिकची चकती, मग चेकनट. चकती असली की नट तिच्यावर घसरतो आणि रबर जागचं हलत नाही. वरून साबणाच्या थरावरच सिलिकॉन फासलेलं होतं, ते नखाने सोलून निघालं. थ्रेडवर टेफ्लॉन टेपचे वेढे होते, पण टब आणि कपलिंगमधल्या फटीला त्यांचा काही उपयोग नसतो.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं. ब्लेडने ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यातून पाणी वाट काढतं. जागा स्पिरिटने पुसून वाळवली. कपलिंगच्या वरच्या कडेखाली न्यूट्रल सिलिकॉनचा अखंड गोल ओढला. इथे प्लंबरची पुट्टी नको, तिच्यातलं तेल ॲक्रिलिकला मानवत नाही. खालून नवं वायसर, चकती, नट. नट हाताने पुरता आवळून पान्याने जेमतेम पाव ते अर्धा फेरा. जास्त आवळलं की रबर बाहेर फुगतं. २४ तास पाणी बंद ठेवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर गळती परत आली असती, कारण तळ दबतच होता. टब नुसता पायांवर उभा होता, खाली पोकळी. कपलिंगच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घालून त्याखाली अर्ध्या विटा आणि सिमेंटचा माल दाबून बसवला. पाइपला मात्र माल लागू दिला नाही. माल सुकल्यावर पुन्हा उभं राहून पाहिलं, कागद कोरडा राहिला. कापलेल्या जागी टाइल्स सिमेंटने न चिकटवता चुंबकाचं झाकण बसवलं.

काकूंनी लगेच विचारलं, "आता रंग लावून घेऊ ना?" स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी गळती थांबल्यावरही कित्येक आठवडे उतरत राहतं. म्हणून डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख टाकली. काकूंना सांगितलं, आतला भाग पूर्ण पांढरा पडेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका, आणि डाग रेघेबाहेर गेला तर त्याच दिवशी कळवा.