तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मोठ्या खुर्च्याच का?

मूल्यांकन केंद्रावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही ओळखीचे प्राध्यापक भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, कॉलेजकडे पैसा नव्हता तर तासिकेवरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवणारे, दोन-चार कमी करायचे. तुम्ही संचालक, उपप्राचार्य, समन्वयक अशी वरचीच पदं काढून टाकली. त्यातून वाचलं तरी किती?"

फारसं नाही वाचलं. आमच्या कॉलेजात पैसा कुठून येतो, कधी येतो आणि कुठे अडतो, हे सगळं ठाऊक असलेला एकही माणूस नव्हता. तो असावा म्हणून आम्ही हे केलं.

पूर्व नागपुरातलं आमचं कॉलेज लहान आहे. कला आणि वाणिज्य अनुदानित, बीसीसीए (संगणकासह वाणिज्य) आणि बीबीए (व्यवस्थापन) विनाअनुदानित. मी अकाउंटन्सी शिकवते. आधी शिक्षकांतून निवडून महाविद्यालय विकास समितीवर गेले आणि ही फेररचना झाली तेव्हा प्रभारी प्राचार्य होते. बाहेरच्यांना वाटतं, कॉलेज म्हणजे एकच तिजोरी. तसं नसतं. अनुदानित बाजूच्या मंजूर पदांचे पगार शासन देतं. विनाअनुदानित बाजूचे पगार फीवर चालतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक मुलांची फी म्हणजे शिष्यवृत्ती.

अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा 2021-22 पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो. ते योग्यच आहे. पण हप्ता कधीकधी वर्ष संपून गेल्यावर जमा होतो, आणि त्या दिवशी घरात दवाखान्याचं बिल नाहीतर थकलेलं घरभाडं उभं असतं. पैसा तिकडे जातो. त्या मुलांना मी कधी बुडवे म्हटलं नाही, आणि फी राहिली म्हणून कुणाची टीसी अडवायची नाही हे आम्ही समितीत ठरवून घेतलं. पण विनाअनुदानित शिक्षकाचा पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो.

त्यात 2024-25 पासून बीबीए एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेलं आणि प्रवेशाला सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा आली. आमच्याकडे येणारी मुलं बारावीचा निकाल हातात पडल्यावर कॉलेज शोधायला निघतात. तोवर सीईटीचा अर्ज भरण्याची मुदत कधीच उलटलेली होती. वर्ग अर्धा रिकामा राहिला.

हे सगळं एकाच वेळी अंगावर आलं, तेव्हा कुणाला काय माहीत होतं ते पाहा. बीबीएचे प्रवेश संचालकांना माहीत. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर कुणाचा अर्ज कुठे अडकला ते ऑफिसातल्या मोठ्या बाबूंना माहीत. मुदत ठेवी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांना माहीत. वर्कलोड, म्हणजे शिकवायचे एकूण तास, प्राचार्यांना माहीत. अंदाजपत्रक मागच्या वर्षीच्या आकड्यांत थोडी भर घालून तयार व्हायचं आणि आमच्यासमोर सहीला यायचं. 2016 च्या विद्यापीठ कायद्यातलं कलम 97 सांगतं की अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समितीने तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करायची, वर्षातून निदान चार बैठका घ्यायच्या. बैठका व्हायच्या. तयार करण्याचं काम मात्र कधी आमच्याकडे आलंच नव्हतं. व्यवस्थापन, शिक्षक, शिक्षकेतर, माजी विद्यार्थी असे सगळे ज्या टेबलाशी बसतात, तिथेच पूर्ण हिशेब येत नव्हता याचं मला फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

आता तासिकेवरच्यांबद्दल. त्यांना कमी करणं सोपं असतं, कारण ते भांडू शकत नाहीत. पण तास बुडाले की मुलं बुडतात, पुढच्या जूनमध्ये प्रवेश घटतात. प्रवेश घटले की वर्कलोड घटतो आणि वर्कलोड घटला की अनुदानित बाजूचं मंजूर पदही धोक्यात येतं. म्हणजे खालच्या एका माणसाचा पगार वाचवला म्हणायचं आणि दोन वर्षांनी वरचं पद गमवायचं. मला हे कधीच पटलं नाही.

उपप्राचार्य आमच्याकडे दोन होते. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे हे वेगळं पद नाहीच; आहे त्याच ज्येष्ठ प्राध्यापकाला दोन वर्षांसाठी, त्याचं नेहमीचं काम सांभाळून, ही जबाबदारी देता येते. प्रत्यक्षात मात्र त्यांचे तास कमी करून ते तासिकेवरच्यांना दिले होते. एकाची मुदत संपली, ती पुढे नेली नाही, आणि दोघंही आपल्या पूर्ण तासांवर परतले. तीन समन्वयकांऐवजी एक ठेवला. हे फारसं कठीण गेलं नाही.

कठीण होतं ते संचालक सरांशी बोलणं. दुसरीकडून प्राचार्य म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडे मानधनावर आले होते आणि बीबीए त्यांनीच उभं केलं होतं. पत्र पाठवून हे कळवायचं नाही असा मी आग्रह धरला. सचिव आणि मी त्यांच्या महाल भागातल्या घरी गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, पद काढा. पण बारावीच्या मुलांना सीईटीचा अर्ज भरायला कोण सांगणार, ते आधी ठरवा. आजवर तुमच्यापैकी कोणी एका तरी शाळेत गेलं आहे का?" कोणी गेलं नव्हतं. त्यांच्या त्या प्रश्नावरच पुढची रचना उभी राहिली. प्रवेश, शिष्यवृत्ती आणि फी ही तिन्ही कामं एका टेबलावर आणली. तिथे समन्वयक आणि मोठे बाबू बसतात, दर शनिवारी प्राचार्य येतात. आसपासच्या ज्युनियर कॉलेजांत जायचं काम त्याच टेबलाचं. पहिल्या वर्षी सर स्वतः आमच्याबरोबर हिंडले, मानधन न घेता.

एका ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च सचिवांच्या सहीवाचून प्राचार्यांनी करावा, हेही ठरलं. संस्थेला ते जड गेलं. संस्थापकांच्या घरच्या लोकांनी कॉलेज हातावर वाढवलेलं, त्यामुळे चेकबुक सोडणं म्हणजे नातं सोडणं असं त्यांना वाटत होतं, आणि ते मला समजत होतं. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी, दर तिमाहीला पूर्ण हिशेब समितीपुढे मांडायचा या अटीवर ते तयार झाले.

पहिल्याच शनिवारी बाबूंनी यादी काढली. कुणाचं खातं आधारशी जोडलेलं नाही, कुणी नूतनीकरणाचा अर्जच भरलेला नाही, कुणाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र जुनं आहे. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? "मॅडम, मले तर सारं माहीत होतं. पण कोणी विचारलंच नाही नं." त्या यादीतल्या एकेका पोराला फोन गेले. तासिकेवरच्यांचे पैसे आता बरेच वेळेवर निघतात. बीबीएच्या जागा अजूनही भरत नाहीत, आणि ते नुसती पदं हलवून होणारही नाही.

तुमच्या कॉलेजात असं करायचं असेल तर एक गोष्ट आधी पाहा. विश्वस्त बदलल्यावर 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. तो वादात अडकलेला असेल तर सचिव नेमके कोण, यावरच कोणी ना कोणी हरकत घेणार, आणि मग प्राचार्यांना दिलेले अधिकारही त्या हरकतीत सापडतील. आमच्या संस्थेचा तो वाद आधीच मिटला होता, म्हणून आम्हाला हे जमलं. तुमचा मिटला नसेल तर पदांना हात लावू नका. शिष्यवृत्तीच्या टेबलापासून सुरुवात करा; त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नसते.