पाटी म्हणजे स्लेट नव्हे

खो-खोत सूर मारण्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. सूर मी बाराव्या वर्षापासून मारत होते. शाळेकडून, मग तालुक्याकडून, पुढे जिल्ह्याकडून खो-खो खेळले, बी.पी.एड. केलं आणि सांगलीतल्या एका मराठी शाळेत तुटपुंज्या मानधनावर आठ वर्षं मुलींना शिकवलं. मग एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा निघाली. पगार नियमित होता, अट एकच होती. मैदानावरचा डेमो तास पूर्ण इंग्रजीतून घ्यायचा. हातात चार महिने होते.

आधी मी ज्या क्लासला गेले तिथं पहिल्याच दिवशी पाचशे शब्दांची झेरॉक्स मिळाली. फळं, भाज्या, नातीगोती आणि एक पान खेळांचं. रॅकेट, नेट, गोलकीपर, स्केट्स, स्की. पानभर पाठ करायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी घरी आरशासमोर उभी राहून मुलींना सांगावं तसं म्हणून पाहिलं, ‘पाठमोरी बस, तोंड खांबाकडे नको.’ एक शब्द सुचला नाही. पाठ केलेल्या त्या पानावर बसणं नव्हतं, वळणं नव्हतं, खांबही नव्हता. बर्फावर घसरायच्या पट्ट्यांचं नाव मात्र आलं होतं. महिनाभरात तो क्लास सोडला. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत, याचं वाईट आजही वाटतं.

दुसरा क्लास एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांच्या घरी चालायचा. संध्याकाळी साडेसहा ते आठ. आम्ही नऊ जण होतो. औषधाच्या दुकानातले एक काका, नर्सिंगला निघालेल्या दोन मुली, पोलीस भरतीची तयारी करणारा एक कबड्डीपटू आणि बाकीचे कॉलेजचे. सरांचा दर आठवड्याला एक विषय असायचा. खेळाचा आठवडा आला तेव्हा त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. मला आणि त्या कबड्डीच्या मुलाला म्हणाले, “तुम्ही दोघं मैदानावर सकाळपासून काय काय बोलता ते मराठीतच लिहून आणा. जसं बोलता तसंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावाला वही घेऊन गेले आणि माझ्या तोंडून निघालेलं प्रत्येक वाक्य टिपलं. पावणेदोन तासांत चौसष्ट वाक्यं झाली. ऊठ. बस. वाक. गुडघे मोडून बस. मागं बघू नकोस. हूल दे. सूर मार. खांब धर. पाटी ओलांडू नकोस. पाठीला हात लावून मग खो म्हण. मोठ्यानं म्हण. संध्याकाळी सरांनी वही वाचली आणि म्हणाले, “यात नावं किती आहेत बघा, आणि क्रियापदं किती.” नावं सात-आठच होती. बाकी सगळी क्रियापदं. पहिल्या क्लासच्या पानावर उलट होतं. सगळी नावं, क्रियापद एकही नाही. माझं कुठं अडत होतं ते मला त्या संध्याकाळी दिसलं.

मग एकेक वाक्य घेतलं. सूर म्हणजे डाइव्ह, हे सोपं होतं. हूल अवघड निघाली. शब्दकोशात हूल म्हणजे अफवा, खोटी आवई. सरांनी ‘डॉज’ सुचवलं. मी म्हणाले, तसं नाही सर, आणि हॉलमधल्या खुर्च्या बाजूला सारून दाखवलं. डाव्या खांद्यानं झुकायचं, समोरची तिकडं वळली की उजवीकडून निसटायचं. सर थोडा वेळ विचार करून म्हणाले, “झुकलात ती फेंट. निसटलात तो डॉज.” आमच्याकडं दोन्हीला मिळून हूल दिली म्हणतात, इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. भोवळ येण्याला जो शब्द आहे त्याचा उच्चारही अगदी फेंटसारखाच, तेव्हा मैदानावर जपून वापरा, हेही त्यांनी सांगितलं. फेंट हा शब्द मी कधी विसरणार नाही, कारण तो मी खांद्यानं शिकले.

पाटीनं, म्हणजे मैदानावर आखलेल्या पट्ट्यानं, सगळ्यात जास्त घोळ घातला. शब्दकोशात स्लेट, दुकानावरचा बोर्ड, टोपली असं सगळं होतं. सर खो-खो खेळलेले नव्हते. शेवटी मी इंग्रजी नियमावली मिळवून क्लासला नेली. मधली पाटी म्हणजे सेंट्रल लेन, आडव्या पाट्या म्हणजे क्रॉस लेन. बसायचे चौकोन ते स्क्वेअर. खांबाला नियमावलीत पोस्ट म्हटलं होतं, बोलताना मात्र लोक सर्रास पोल म्हणतात. खांबापलीकडची मोकळी जागा फ्री झोन. पाठलाग करणारी ती चेसर, आणि उठून पळत असलेली ॲक्टिव्ह चेसर. मराठी बातम्यांत आपण आक्रमण आणि संरक्षण वाचतो, म्हणून मी सारखी अटॅक म्हणत होते. बरोबरी झाल्यावरचं लघुतम आक्रमण इंग्रजी नियमांत मिनिमम चेस आहे हे वाचलं तेव्हा मला विशेष आनंद झाला. तो डाव मी स्वतः खेळले आहे. घड्याळाकडं बघत एक गडी लवकरात लवकर बाद करायचा, त्या वेळी छातीत होणारी धडधड या नावात आहे असं वाटलं.

खो मात्र खोच राहिला. गिव्ह अ खो. आपणही खो देतो आणि तेही देतात, इथं दोन्ही भाषा एकाच पावलावर चालल्या.

कबड्डीच्या मुलाची वहीही आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवली. चढाई म्हणजे रेड, पकड म्हणजे टॅकल, राखीव क्षेत्र म्हणजे लॉबी. निदान रेषेला बॉक लाइन म्हणतात. पुरुषांच्या मैदानात ती मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते आणि चढाईला गेलेल्यानं कुणाला शिवलं नाही तर त्याला ती ओलांडावीच लागते. बॉक हे मूळ क्रियापद बिचकून थबकण्याचं. अडथळ्यापुढं घोडा अडून राहतो तसं, असं सरांनी सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, “बरोबर आहे सर, नवा पोरगा तिथंच अडतो.” लोण, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद होणं, इंग्रजीत लोना होऊन गेलेलं आहे. एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहण्याला कँट म्हणतात. दम गेला तर लूज द कँट. पण मैदानाला दोन फेऱ्या मारल्यावर लागतो तो दम वेगळा, तिथं आउट ऑफ ब्रेथ. मराठीत आपण एका दमावर दोन्ही भागवतो.

शब्द जमले तरी वाक्यं मोडतच होती, आणि मोडायची ती ठरावीक जागीच. मी स्वतःची ओळख करून देताना म्हणायचे, आय प्लेड फ्रॉम सांगली डिस्ट्रिक्ट. जिल्ह्याकडून खेळले, म्हणून फ्रॉम. सरांनी पंधरा वेळा तरी दुरुस्त केलं असेल. संघासाठी खेळतात, म्हणून फॉर. ‘कडून’ हा शब्द डोक्यातून जाईना तेव्हा मी वहीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत फॉर लिहून ठेवलं.

दुसरी अडचण जिंकण्याची. आपण प्रतिस्पर्ध्यावर मात करतो, म्हणून नर्सिंगच्या मुली विन ऑन म्हणायच्या आणि मी नुसतंच वुई वन देम. इथं सरांनी दिलेली उदाहरणं मला फार आवडली, कारण ती आपल्या मातीतली होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तिथं वन. पदक, सामना, नाणेफेक या वस्तू जिंकतात. माणसांना आणि संघांना हरवतात, तिथं बीट. दुसरं उदाहरण ताजं होतं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. इंडिया बीट नेपाळ बाय थर्टी एट पॉइंट्स. ती फेरी मी पाहिली होती, पण क्लासमध्ये हे वाक्य आल्यावर घरी जाऊन इंग्रजी समालोचनासह पुन्हा पाहिली, थांबवून, मागं नेऊन. महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कर्णधार होती. समालोचक टर्न, बॅच, ड्रीम रन असे शब्द झरझर टाकत होते. बचावाची तुकडी ठरावीक वेळेच्या पुढं टिकली की ड्रीम रन सुरू होते आणि गुण मिळू लागतात. आमच्या काळी असं काही नव्हतं. आपला खेळ कुणीतरी इंग्रजीत इतक्या वेगानं सांगतंय आणि मला तो कळतोय, यानं डोळ्यांत पाणी आलं.

प्ले, डू आणि गो हा भाग एका दिवसात उरकला. चेंडूचे खेळ प्ले, योगासनं नि सूर्यनमस्कार डू, पोहायला गो. कुस्ती आपण खेळतो, करतो, धरतो. इंग्रजीत रेसल हे एकच क्रियापद पुरतं.

दुखापतीचे शब्द मात्र प्रत्येक क्रीडाशिक्षकानं आधी शिकावेत असं माझं ठाम मत आहे. मराठीत पाय मुरगळतो, पोटरीत गोळा येतो. जे होतं ते पायाला होतं, आपण बाजूला असतो. इंग्रजीत आय ट्विस्टेड माय अँकल, आय हॅव अ क्रँप इन माय काफ. सगळं ‘मी’पासून सुरू होतं. स्नायू ताणला तर स्ट्रेन, सांध्याजवळ लचकलं तर स्प्रेन, सांधा निखळला तर डिसलोकेशन. पालकांना फोनवर यातलं चुकीचं सांगितलं तर काय होईल, या विचारानं मी हे तीन शब्द रात्री झोपताना म्हणायचे.

खरा सराव मात्र सकाळी सहाच्या मैदानावर झाला. माझ्या मराठी शाळेतल्या मुलींना मी सांगितलं, गुरुवारी मॅडम फक्त इंग्रजीत बोलणार. लाइन अप. स्प्रेड आउट. फेस द अदर वे. बेंड युवर नीज. पहिल्या गुरुवारी मुली एकमेकींकडं बघून उभ्या राहिल्या. मी स्वतः करून दाखवायचे, मग त्या करायच्या. तिसऱ्या गुरुवारी दाखवायची गरज उरली नाही. ऑन युवर मार्क्स मी लहानपणापासून एका शब्दासारखं ऐकत आले होते. त्यातला मार्क म्हणजे आखलेली खूण, हे त्या मुलींना समजावताना मलाही प्रथमच कळलं. आणि खेळ थांबवताना आपण ओरडतो ते टॅम्प्लीज टाइम प्लीजच आहे, हे सांगितल्यावर एक सातवीतली मुलगी म्हणाली, “म्हणजे मॅडम, आम्हाला आधीपासूनच येतंय की.”

डेमोला सहावीचा वर्ग होता. पाटीवर आठ मुलं बसवली, एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून. पहिली दहा मिनिटं तयार केलेली वाक्यं चालली. सिट ऑन युवर हील्स. टच हिज बॅक, देन से खो, लाउडली. मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक कडेला खुर्च्यांवर होते. तेवढ्यात चेसर झालेल्या एका मुलानं पुढं निघून गेलेल्या गड्यासाठी गर्रकन मागं वळून धाव घेतली. मी शिट्टी वाजवली. त्यानं विचारलं, “व्हाय कान्ट आय जस्ट टर्न बॅक, मिस?”

हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. मी खाली बघितलं, उजवा पाय आपोआप पुढं टाकला, त्याच्यासमोर चार पावलं पळाले आणि बोलत गेले. वन्स यू टेक अ डिरेक्शन, यू कीप इट. अंटिल यू राउंड द पोल. राउंड हे क्रियापद मी कुठं वाचलं, कधी ऐकलं, मला आठवत नाही. खांबाला हात लावून वळता वळता ते तोंडात आलं.

“ऑल द वे राउंड?” त्यानं विचारलं.

“ऑल द वे राउंड,” मी म्हणाले, आणि तो खांबाच्या दिशेनं पळत सुटला.