आधी वाटप, मग मोजणी: आफ्रिकेच्या सरहद्दी कशा पडल्या

बर्लिनच्या परिषदेत आफ्रिकेचा नकाशा टेबलावर पसरला आणि पट्टी लावून खंड वाटून घेतला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. हे बरोबर नाही. ही समजूत खोडून काढायला हवी, कारण आजची भांडणं नेमकी कुठून निघाली तेच तिच्यामुळे दिसेनासं होतं.

परिषद १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ चालली. १४ देशांचे प्रतिनिधी होते, आफ्रिकेतला एकही राज्यकर्ता नव्हता. शेवटी ३८ कलमांचा मसुदा मंजूर झाला. त्यातला बराच मजकूर काँगो आणि नायजर नद्यांमधल्या जहाजवाहतुकीचा आणि व्यापाराचा. ताब्याबद्दल दोनच कलमं. ३४ वं सांगतं, किनाऱ्यावर नवा ताबा घेतलात तर बाकीच्यांना कळवा. ३५ वं सांगतं, तिथे अंमल बसवा. दोन्ही कलमं फक्त किनाऱ्यापुरती. आतल्या मुलखाला असा नियमच नव्हता, म्हणून खरी वाटणी पुढची तीसेक वर्षं दोन-दोन देशांच्या करारांतून होत गेली.

पहिली पायरी म्हणजे कागद. कार्ल पेटर्स या जर्मन वसाहतवाद्याने १८८४ च्या अखेरीस आजच्या टांझानियात गावप्रमुखांकडून जर्मन भाषेतल्या करारांवर सहीच्या जागी फुल्या घेतल्या आणि परिषद संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, जर्मन सम्राटाचं संरक्षणपत्र त्याच्या हाती पडलं. ज्याची जमीन, त्याला तो कागद वाचताही येत नव्हता. माझ्या मते सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय इथेच आहे, पुढच्या रेषा त्यानंतरच्या.

दुसरी पायरी म्हणजे राजधानीत बसून केलेला करार, आणि तिसरी म्हणजे हद्द आयोगाने प्रत्यक्ष जाऊन दगडांचे ढीग किंवा खांब उभारणं. कोकणात कुणीही सांगेल, आधी मोजणी आणि मग गडगा. आफ्रिकेत उलटं झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत कधीकधी वीस-वीस वर्षं गेली.

१ जुलै १८९० चा इंग्रज-जर्मन करार घ्या. व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिमेला हद्द १ अंश दक्षिण अक्षवृत्तावरून न्यायची ठरली. पण इंग्रजांना म्फुंबिरो नावाचा डोंगर हवा होता आणि तो नक्की कुठे आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं. म्हणून करारात असं घातलं, की डोंगर रेषेच्या दक्षिणेला निघाला तर रेषा वळवून तो इंग्रजांकडे ठेवायचा आणि मग रेषा परत आपल्या टोकाला आणायची. पाहणीत नकाशावरचा तो एकटा डोंगर सापडला नाही, सापडली ती ज्वालामुखींची आख्खी रांग. बेल्जियमलाही धरून १९१० साली ब्रुसेल्सला नवा करार करावा लागला आणि हद्द शिखरांवरून गेली. त्यातल्या साबिन्यो शिखरावर आज युगांडा, रवांडा आणि काँगो हे तीन देश भेटतात.

रेखावृत्ताची हद्द याहून कठीण. अक्षांश ताऱ्याच्या उंचीवरून बऱ्यापैकी मिळतो, रेखांशाला मात्र अचूक वेळ लागते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणजे घड्याळ ४ सेकंद चुकलं की विषुववृत्ताजवळ रेषा सुमारे १.८५ किलोमीटर सरकते. आणि ती घड्याळं महिनोन्‌महिने जंगलातून, हमालांच्या सामानातून वाहून नेलेली.

पाण्याची हद्द सोपी वाटते, पण आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला तिच्यातली मेख लगेच कळेल. १८८५ साली इंग्रज आणि जर्मनांनी नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यामधली हद्द रिओ देल रे या नदीवरून, तिच्या उगमापर्यंत, असं लिहिलं. ती नदी नव्हतीच, खाडी होती. भरतीचं पाणी आत शिरतं, खारफुटीत पसरतं आणि थोड्याच अंतरावर संपतं. उगम नसलेल्या नदीवरून हद्द आत न्यायची कशी? तडजोडी होत होत १९१३ साली नवा करार झाला आणि बाकासी द्वीपकल्प जर्मन कॅमेरूनकडे गेला.

नदी खरी असली तरी काठ, मध्य की खोल पात्र, हे लिहावं लागतं. १८९० च्याच करारात ऑरेंज नदीचा उत्तर काठ हद्द धरला, त्यामुळे पाण्याचं सगळं पात्र दक्षिण आफ्रिकेकडे आणि नामिबिया काठावर कोरडा. त्यावरचा वाद अजून आहे. आपल्याकडे तेरेखोल पाहा. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली तरी गोवा संपत नाही, कारण उत्तर काठावरचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून घेतला आणि रेडीला खेटून असलेला तेवढा तुकडा गोव्याकडेच राहिला. मुखाशी तिथली हद्द नदीने नाही, तोफांनी ठरवली. गांबियाची हद्दही अशीच नदीच्या दोन्ही बाजूंना, साधारण १० किलोमीटरची पट्टी, १८८९ च्या इंग्रज-फ्रेंच करारातली.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं पुन्हा मांडायचं का? जुलै १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी एकता संघटनेने ठराव केला, की स्वातंत्र्याच्या वेळी होत्या त्याच सरहद्दी मानायच्या. मला तो निर्णय नाइलाजाचा पण शहाणपणाचा वाटतो, कारण एक रेषा उकरली असती तर सगळ्याच उकराव्या लागल्या असत्या. त्याची किंमत मात्र बाकासीसारख्या ठिकाणच्या लोकांनी मोजली. १० ऑक्टोबर २००२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९१३ चा करार ग्राह्य धरून बाकासी कॅमेरूनला दिलं. तिथली बहुतेक वस्ती नायजेरियाशी नातं सांगणाऱ्या मच्छीमारांची. २००८ मध्ये नायजेरियाचं प्रशासन तिथून हटलं, तेव्हा कित्येक कुटुंबं नायजेरियाच्या बाजूला निघून गेली आणि उरलेल्यांना कॅमेरूनच्या अमलाखाली राहावं लागलं.