१३ संचालक, ११ चेहरे

सहकारी पतसंस्थेच्या वेबसाइटवर दोनच पानं खरी चालतात: ठेवींचे व्याजदर आणि संचालक मंडळ. पहिलं सभासद बघतात, दुसरं संचालक. ‘आमची ध्येयधोरणे’ वगैरे पानं मीच लिहिलेली असतात आणि बहुधा मीच शेवटची वाचलेली असतात. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अशा संस्थांच्या साइट करून देणं आणि पुढे त्या सांभाळणं हा माझा धंदा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्या संस्थांचे सभेचे फोटो साधारण एकाच सुमाराला येऊन आदळतात. म्हणून मी प्रत्येक संस्थेतल्या एखाद्या क्लार्कला फोटो चढवायला शिकवून ठेवते. निम्म्या ठिकाणी ते जमतं.

हे प्रकरण जमलेल्या निम्म्यांतलं आहे. संस्थेचं आणि गावाचं नाव घेत नाही.

रविवारी सभा झाली, सोमवारी फोटो साइटवर गेले, मंगळवारी सकाळी उपाध्यक्षांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही. एरवी त्यांचा फोन ‘काय पोरी, बरं हाय का’ने सुरू होतो. त्या दिवशी ‘मॅडम’ने सुरू झाला.

“मॅडम, फोटोत आम्ही हाय, खरं वेबसाइटवर न्हाई. कुणाच्या सांगण्यावरनं कापलं?”

“अण्णा, मी काहीच कापलं नाही. थांबा, बघते.”

“बघा की. सगळं गाव बघतंय, तुम्ही पण बघा.”

पान उघडलं. संचालक मंडळाचा ग्रुप फोटो चौकोनी झाला होता. सात जण खुर्च्यांवर, सहा जण मागे उभे. मधोमध अध्यक्ष, हार घातलेले, अगदी ठसठशीत. उजव्या कडेला एका पांढऱ्या शर्टाची बाही आणि एक गुडघा. तेवढेच अण्णा उरले होते.

उपाध्यक्षांची खुर्ची अध्यक्षांच्या शेजारी असते. पण अण्णा सभेला उशिरा पोचले, मधल्या खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून ते टोकाला बसले. संस्थेत दोन गट आहेत आणि पुढच्या वर्षी निवडणूक आहे. एवढं सांगितलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

आता थोडं तांत्रिक, कारण सगळी भानगड तिथेच आहे. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे या साइट ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, ५.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१८ पासून, पान ब्लॉकांनी रचलं जातं. मथळा एक ब्लॉक, परिच्छेद एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक. फोटोवर क्लिक केलं की कडेला ठिपके उमटतात, ते धरून ओढलं की फोटो लहान-मोठा होतो. शिकवायला दोन मिनिटं पुरतात आणि तेवढ्यात शिकणाऱ्याची पक्की समजूत होते की फोटो लहान झाला. तो झालेला नसतो. ओढल्याने फक्त पानावर किती रुंदी दाखवायची, तो आकडा लिहिला जातो. मूळ फाइलला धक्काही लागत नाही.

कुठली फाइल दाखवायची ते ठरतं शेजारच्या पट्टीतल्या ‘रेझोल्यूशन’च्या यादीतून. स्टुडिओवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेला हा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता. गावातला कुठलाही स्टुडिओ हल्ली त्याहून लहान फोटो देत नाही. दिला तर कॅमेरा जुना आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं म्हणे. असा फोटो चढवला की वर्डप्रेस मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रती काढतं: रुंदी २५६०, २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३००, आणि शेवटची थंबनेल, म्हणजे १५० बाय १५० ची चिमुकली चौकोनी प्रत. थंबनेल सोडली तर सगळ्या प्रतींचं प्रमाण मुळासारखंच, ३:२. डिसेंबर २०१५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून या प्रतींची यादीच ब्राउझरला दिली जाते आणि फोनवर छोटी, मोठ्या पडद्यावर मोठी अशी निवड तो आपणच करतो. ही यंत्रणा मला मनापासून आवडते. गावाकडच्या नेटवर पान चटकन उघडतं ते हिच्यामुळे. श्रेय मात्र ‘साइट फास्ट केली’ म्हणून मला मिळतं, आणि मी ते घेते.

तिसरी गोष्ट ‘अस्पेक्ट रेशो’. ही फोटोच्या ब्लॉकात ६.३ मध्ये आली, ऑगस्ट २०२३ ला. यादीतून ‘स्क्वेअर’ निवडलं की फोटो चौकोनात बसतो, आणि ‘कव्हर’ असेल तर चौकोन पूर्ण भरावा म्हणून दोन्ही बाजूंचं जास्तीचं झाकलं जातं. फाइल अखंड, फक्त तिच्यावर चौकोनी खिडकी. ३:२ च्या फोटोत डावा सहावा हिस्सा आणि उजवा सहावा हिस्सा जातो. आमच्या फोटोत मुळातले १०००-१००० पिक्सेल. ग्रुप फोटोत त्या सहाव्या हिश्शात माणूस बसलेला असतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे वरच्या पट्टीतलं ‘क्रॉप’. त्याने खरोखर कापलेली नवी फाइल तयार होते.

ओढणं, रेझोल्यूशन, रेशो, क्रॉप: चार वेगळी कामं, आणि बघणाऱ्याच्या लेखी चारही म्हणजे ‘फोटोचं माप बदलणं’. एडिटर बनवणाऱ्यांनी ती एकमेकांना इतकी खेटून का ठेवलीत, हे मला अजून समजलेलं नाही. आमच्या धंद्यातले पुष्कळ जण अशा वेळी ‘युजरला अक्कल नाही’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. अण्णांचा प्रश्न बिनचूक होता.

तर, शोध. आधी मीडिया लायब्ररी पाहिली. एडिटरमधून क्रॉप केलं असतं तर फाइलच्या नावाला ‘-एडिटेड’ची शेपटी लागली असती. तशी फाइल नव्हती. थंबनेल लावली असेल तर ताणल्यावर फोटो फुटला असता. हा तर इतका स्वच्छ होता की अध्यक्षांच्या हारातल्या पाकळ्या मोजाव्यात. मग ब्लॉकचा कोड उघडला. पहिल्याच ओळीत सापडलं: अस्पेक्ट रेशो १, स्केल कव्हर. फोन उचलून अण्णांना सांगितलं की फोटो शाबूत आहे, फक्त झाकला गेलाय, दोन मिनिटांत उघडते. रेशो ‘ओरिजिनल’ केला, रुंदी ‘वाइड’ केली, कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत, साफ केली. बाहीला हात आला, हाताला अण्णा आले.

माझ्या हिशेबी काम संपलं होतं. अण्णांच्या हिशेबी ते तिथून सुरू झालं.

“झाकलं म्हणजे कुणीतरी झाकलंच की. आपोआप कसं झाकंल?”

दुपारी मॅनेजर साहेबांनी संस्थेत बोलावलं. केबिनमध्ये साहेब, अण्णा, अध्यक्षांच्या बाजूचे दोन संचालक आणि दाराशी उभा तो क्लार्क मुलगा. कामाला चोख आहे. शिकवलेलं वहीत लिहून घेतो. आणि अध्यक्षांच्या भावकीतला आहे. हे तिसरं मला त्या दिवशीच कळलं, तेही तीन जणांनी तीन वेगळ्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं म्हणून.

कोडमधलं ते माप येण्याचे रस्ते मी जायच्या आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, चालवून पाहिले होते. रुंदी आणि उंची या चौकटींत ६०० आणि ६०० असे आकडे टाकले तरी फोटो चौकोनी दिसतो, पण मग कोडमध्ये रेशो लिहिला जात नाही, नुसते आकडे येतात. म्हणजे तो रस्ता बाद. उरले दोन. एक, कुणीतरी यादी उघडून ‘स्क्वेअर’ निवडलं. दोन, त्याच पानावर खाली प्रत्येक संचालकाचा एकेकटा फोटो आहे आणि ते सगळे मीच चौकोनी केलेले आहेत. त्यातला एखादा ब्लॉक डुप्लिकेट करून वर आणला आणि ‘रिप्लेस’ दाबून ग्रुप फोटो निवडला, तर फोटो बदलतो आणि चौकोन तसाच राहतो. कामाच्या घाईत सगळे असंच करतात, मीही करते. दोन्ही रस्त्यांनी लिहिला जाणारा कोड अक्षरशः सारखा.

मग मी रिव्हिजन उघडल्या. वर्डप्रेस पानाची प्रत्येक जतन केलेली आवृत्ती ठेवतं: कधी बदललं, कुणी बदललं. वेळ होती सोमवार संध्याकाळ ७:४०. नाव होतं ‘ॲडमिन’. ॲडमिन म्हणजे साहेब, ॲडमिन म्हणजे क्लार्क, ॲडमिन म्हणजे मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेला क्लार्क, आणि अध्यक्षांचा मुलगा, ज्याला ‘जरा बघू दे’ म्हणून पासवर्ड दिलेला होता. प्रत्येकाला वेगळं लॉगिन करून द्यायचं मी साइट दिली तेव्हापासून सांगते आहे. दर वेळी एकच उत्तर: एवढे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, मॅडम? जी संस्था कॅशियरच्या ड्रॉवरच्या किल्लीची वहीत सही घेऊन नोंद ठेवते, तिचा वेबसाइटचा पासवर्ड काउंटरमागच्या कॅलेंडरवर पेनने लिहिलेला आहे.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, मी खालचाच फोटो कॉपी करून घेतला, तुम्ही दाखवला तसा.” दाखवला होता, हे खरं. अण्णा त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

फोटोखालची ओळ बोल्ड होती. ‘संचालक मंडळ’. खालच्या एकेकट्या फोटोंखालची नावं बोल्ड आहेत. त्या साइटवर दुसऱ्या कुठल्याच फोटोखालचा मजकूर बोल्ड नाही. फोटो रिप्लेस केला तरी खालची ओळ तशीच राहते आणि नुसते शब्द बदलले की बोल्डपणा टिकतो. म्हणून माझा कौल मुलाच्या बाजूने. पण बोल्ड करायला दोनच बटणं लागतात, हे अण्णांनी मला विचारलं नाही तरी मलाच माहीत आहे. शिवाय पब्लिश करण्याआधी त्याने पान पाहिलं असणारच. पडद्यावर उपाध्यक्षांच्या जागी गुडघा दिसतोय आणि माणूस निळं बटण दाबतो? हाराकडे बघत असेल तर दाबतोही.

केबिनमध्ये मी आधीचं रूप मोठ्या स्क्रीनवर दाखवत होते तेव्हा एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. डावीकडचा सहावा हिस्सा. तिथे महिला राखीव जागेवरच्या संचालक बसल्या होत्या, सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांचा तर गुडघाही उरला नव्हता, फक्त पदराचा काठ. मी बोट ठेवलं तेव्हा एक संचालक म्हणाले, “हां, वहिनी पण गेल्यात की!” आणि चर्चा परत अण्णांवर गेली. परत निघताना काउंटरपाशी वहिनी भेटल्या. त्यांनी सोमवारी रात्रीच पाहिलं होतं; पुण्याला शिकणाऱ्या मुलीने स्क्रीनशॉट काढून पाठवला होता. मग फोन का नाही केलात, म्हटलं. “अण्णांचं आधी होऊ दे हो,” म्हणाल्या.

संध्याकाळी साहेबांनी सभासदांच्या ग्रुपवर ‘फोटो दुरुस्त केला आहे’ असं लिहून पानाची लिंक टाकली. लिंकसोबत येणारा छोटा फोटो चौकोनी असतो. तो चौकोन साइटवर ठरत नाही, मेसेजचं ॲप स्वतःच मधला भाग घेतं. म्हणजे ‘दुरुस्त केला आहे’ या वाक्याच्या डोक्यावर अण्णा पुन्हा कापलेले, या वेळी थेट साडेतीनशे लोकांसमोर. फोन आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी ग्रुप फोटोला वर-खाली पांढऱ्या पट्ट्या जोडून एक वेगळी चौकोनी फाइल केली, त्यात तेराही जण मावतील अशी, आणि शेअरिंगचा फोटो म्हणून ती लावली. साहेबांना लिंक नव्याने टाकायला सांगितली. जुना मेसेज तसाच राहिला. पाठवून झालेल्या लिंकचा फोटो बदलत नाही. तो डिलीट करा म्हटलं, तर साहेब म्हणाले, डिलीट केलं तर लोक म्हणतील काय लपवलं.

मग संचालक मंडळाने लेखी खुलासा मागितला. मी तीन ओळींत दिला: मूळ फोटो कापलेला नाही. फोटोच्या ब्लॉकला चौकोनी प्रमाण दिलेलं होतं. ते कुणी व का दिलं, हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही, कारण सर्वजण एकच लॉगिन वापरतात. तिसरी ओळ मी मुद्दाम घातली. निदान त्या निमित्ताने लॉगिन वेगळी होतील, अशी आशा होती.

प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आलं ते असं: ‘संस्थेच्या वेबसाइटमध्ये निर्माण झालेल्या तांत्रिक बिघाडामुळे फोटो अपूर्ण दिसत होता. सदर बिघाड दूर करण्यात आला आहे.’ सर्वानुमते मंजूर. दोन्ही गट खूश, मुलगा सुटला, अण्णांच्या रागाला बसायला एक खुर्ची मिळाली. बिघाड काहीच नव्हता. सॉफ्टवेअरने सांगितलं तेवढं आणि तसंच केलं होतं. हे मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमचं नाव कुठं घातलंय?”

लॉगिन अजून एकच आहे. कॅलेंडर तेवढं बदललं, पासवर्ड नव्यावर उतरवून घेतलाय. त्या महिन्याचं बिल पाठवलं तेव्हा अकाउंटंटचा फोन आला: ‘बिघाड दुरुस्ती’ असं वेगळं लिहून द्या, म्हणजे प्रोसिडिंगशी जुळेल. मी ‘वार्षिक देखभाल’ असंच ठेवलं. बिल अजून निघालेलं नाही.