चाळीसगावच्या उन्हात जिंजर बिअर: पहिल्या बॅचची नोंद

जवाची खरी बिअर लावायची हौस मलाही आहे, पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आडवा येतो. परवान्याशिवाय ती घरात करता येत नाही. म्हणून जिंजर बिअरवर, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेल्या फसफसत्या पेयावर, हात बसवायला घेतला. साखर मोजायची, यीस्ट जपायचं, गॅसवर नजर ठेवायची, सगळं तेच. फक्त लवकर उरकतं, आणि वेळेत फ्रिजमध्ये गेली तर अल्कोहोल एका टक्क्याच्या आत राहतं. इतकं लांबण लावतोय ते एवढ्यासाठी, की बहुतेक कृती वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेल्या असतात. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी पारा बेचाळीसला टेकतो.

आलं कन्नडकडचं, घाट उतरून आमच्या बाजारात येतं ते. माती धुवायची, साल काढायची नाही. यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू सालीवरच असतात, सोललंत तर बग (आलं-साखर-पाण्याचं विरजण) लागणार कशाचा? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून मग वापरलं.

बगची कृती सगळ्यांना पाठच आहे: पेलाभर पाणी, चमचाभर किसलेलं आलं, चमचाभर साखर, आणि रोज तेवढाच खुराक. कृतीत आठवडा लिहिलेला असतो, इथल्या उकाड्यात त्याच्या निम्म्यातच काम झालं. आल्याचा कीस आधी तळाशी असतो, मग एकेक तुकडा अंगाला बुडबुडे चिकटवून वर येतो. चमच्याने ढवळलं की चर्रर्र आवाज होऊन फेस चढतो. आजीने बरणीत डोकावून विचारलं, "हाई काय शे रे भाऊ?" मग नाक पुढे करून स्वतःच निकाल दिला, "ताडीना वास ये राह्यना." नाक अजून शाबूत आहे म्हातारीचं.

आता मुख्य बॅच. दीडशे ग्रॅम आलं ठेचून लिटरभर पाण्यात वीसेक मिनिटं उकळलं, त्यातच ४०० ग्रॅम साखर विरघळवली. गाळून, आधी उकळून माठात गार केलेलं पाणी घालून एकूण ४ लिटर केलं. चार लिंबं पिळली. तीस अंशांवर आल्यावर बगचं पेलाभर पाणी गाळून सोडलं. त्याआधी नाही; गरम द्रावणात यीस्ट मरतं.

हायड्रोमीटरवाल्यांनी (द्रावणाची घनता पाहून साखरेचा अंदाज देणारी नळी; साध्या पाण्यात १.००० दाखवते) इथे लक्ष द्या. माझा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला आहे. तीस अंशांच्या द्रावणात त्याने १.०३६ दाखवलं, दुरुस्ती करून १.०३८ धरलं. लिटरला १०० ग्रॅम साखरेचा हिशोबही तेवढाच येतो. ३८ अंशांच्या द्रावणात बुडवला तर हाच हायड्रोमीटर पाचेक पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) कमी दाखवेल. अल्कोहोलच्या भाषेत ती साधारण ०.६५ टक्क्याची गफलत झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात थर्मामीटर न लावता घेतलेलं वाचन वहीत लिहूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी झुंज तापमानाशी. खोलीत ३८. एवढ्या गरमीत यीस्ट सुसाट सुटतं, पण चवीत नेलपॉलिशची झाक येऊ शकते. जास्तीचा फ्रिज घेण्याइतकी हौस अजून घरात मंजूर नाही. मग बरणी परातीत ठेवली, परातीत चार बोटं पाणी, बरणीभोवती ओलं गोणपाट, त्याचं टोक पाण्यात बुडेल असं, आणि समोर टेबलफॅन. गोणपाट पाणी आपोआप वर ओढतं, फक्त परात कोरडी पडू द्यायची नाही. बरणीतला पारा २८ वर आला आणि दुपारभर तिथेच राहिला. एप्रिलची आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेत हाच थाट केलात तर पारा एवढा पडायचा नाही. खानदेशच्या उन्हाला शिव्या सगळेच देतात, पण आंबवणाऱ्याला त्याचा हा एक फायदा आहे.

हायड्रोमीटरचं वाचन दोन पॉइंट उतरल्यावर बाटल्या भरल्या. काच वापरायची नाही, सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याच. हिशोब बघा: एक ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. बिअरसारखा फसफसाट यायला लिटरमागे ५ ग्रॅम गॅस पुरतो, म्हणजे १० ग्रॅम साखर. आपल्या बाटलीत लिटरमागे नव्वदच्या वर साखर शिल्लक. ती सगळी आंबली तर बाटलीचा बॉम्ब. त्यामुळे येता-जाता बाटली दाबून पाहायची; दगडासारखी टणक लागली की लगेच फ्रिज. खोलीत ठेवलेली बाटली रात्रीतच टणक झाली. गोणपाटात ठेवलेलीला दुसरी दुपार उजाडली, आणि चवीला तीच उजवी: आल्याचा चटका आधी, गोडवा मागून, शेवटी ताकासारखा हलका आंबटपणा. शेवभाजीबरोबर मात्र वाया जाते, रश्श्यापुढे आलं गपगार. नुसतीच प्यावी. आजीच्या गळ्यात माळ आहे, तिला दिली नाही.

पुढच्या बॅचमध्ये निम्म्या साखरेऐवजी गूळ घालणार आहे. इंग्लंडातल्या जुन्या जिंजर बिअर प्लँटचे दाणे (हे झाड नव्हे, दाणेदार विरजण) कुणाकडे असतील तर तेही हवेत. हॅरी मार्शल वॉर्डने १८९२ मध्ये त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात हे दाखवलं होतं. आपला बग आणि ते दाणे शेजारी-शेजारी लावून बघायचेत. पण तोवर पाऊस सुरू होईल आणि गोणपाट निकामी. धुळे-नंदुरबारकडची मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये बरणी कशी गार ठेवतात? बर्फाच्या बाटल्या परातीत सोडून कुणी पाहिलंय का, आणि रात्री उठून त्या बदलाव्या लागतात का?