गटात न बसणारा कांदा

घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ या सदराखाली मी चार नावे दिली होती: बटाटा, आले, कांदा, गाजर. अपेक्षित उत्तर गाजर होते. गाजर हे मूळ आणि उरलेली तिन्ही जमिनीखाली वाढणारी खोडे, असे मी सहावीच्या वर्गाला वर्षानुवर्षे शिकवत आले आहे आणि या प्रश्नावर कुणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने ‘कांदा’ असे लिहिलेले दिसल्यावर मी फारसा विचार न करता त्यावर लाल फुली मारली आणि पुढच्या उत्तराकडे वळले. तिने उत्तरापुढे कंसात ‘पात’ असा शब्द लिहिला होता, तो मी वाचलासुद्धा नव्हता.

आमची शाळा नाशिक शहराची वस्ती विरळ होऊन ओझरच्या दिशेने द्राक्षबागा सुरू होतात त्या पट्ट्यात आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी थोडीफार शेती आहे, उरलेल्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या बागेत छाटणीला किंवा खुडणीला जातात. पेपर वाटले तेव्हा ही मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर मात्र तिने माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी आणून ठेवली. पिशवीत निफाड तालुक्यातल्या तिच्या आजोबांच्या कांदाचाळीतले तीन उन्हाळ कांदे होते. पावसाळी दमट हवेने त्यांतल्या दोहोंना हिरवे कोंब फुटले होते.

“बाई, कांद्याचं आपण पानच खातो ना? मग तो खोडांत कसा बसेल?”

माझ्या मनात पहिल्यांदा आली ती उत्तरसूची, हे मान्य करायला हवे. उत्तरसूची हाताशी असली की शिक्षकाला स्वतः पाहण्याची गरज वाटेनाशी होते. पण ती मुलगी हुज्जत घालायला आलेली नव्हती, पुरावा घेऊन आली होती. त्या दिवशी मी सजीवांच्या वर्गीकरणासाठी चोवीस चित्रांच्या पट्ट्या करून आणल्या होत्या. त्या कपाटावर ठेवल्या आणि पोषण आहाराच्या खोलीकडे गेले. विळी वर्गात नेऊ देणार नाही, असे स्वयंपाकाच्या मावशींनी ठणकावून सांगितले. एक धारदार सुरी मात्र दिली.

कांदा आपण रोज चिरतो, पण बहुधा आडवा, चकत्या करून. शेंड्यापासून बुडापर्यंत उभा, मधोमध चिरून त्याची रचना निरखायची वेळ माझ्यावरही फारशी आली नव्हती. मुले टेबलाभोवती गोळा झाली. बाहेर कोरडे लालसर पापुद्रे, आत एकावर एक बसलेले पांढरे गरदार थर, अगदी मध्यभागी पिवळसर हिरवा कोंब. आणि हे सगळे थर खाली येऊन ज्यावर टेकतात ती नखाएवढ्या जाडीची चपटी, घट्ट चकती. चकतीच्या खालून वाळलेल्या मुळ्यांचा झुबका. त्या मुलीने पेन्सिलीचे टोक चकतीवर ठेवले आणि एक थर धरून ते हळूहळू वर नेले: गरदार भाग, मग निमुळती मान, मग काढणीच्या वेळी पात कापली होती ते वाळलेले टोक. थर कुठेही तुटला नाही. कोंब आलेल्या कांद्यात तर हे आणखी स्पष्ट होते, कारण हिरवी पोकळ पात आणि तिचे पांढरे फुगीर बूड एकाच तुकड्यात सलग दिसत होते. ज्याला आपण कांदा म्हणतो तो पानांच्या फुगलेल्या बुडांचा गड्डा आहे, हे आता मला सांगावे लागले नाही. आपण ‘कांद्याची पात’ असे म्हणतोच; त्या शब्दात उत्तर आधीपासून होते.

“मग खोड कुठे गेलं?” मी विचारले. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या एका मुलाने डेंगळ्यांची आठवण काढली. पिकात डेंगळे आले की वडील वैतागतात, कारण कांद्याच्या मधूनच दांडा वर जातो, त्याला फुलांचा गोंडा लागतो आणि कांदा पोकळ राहतो, असे त्याने सांगितले. तो दांडा निघतो कुठून, हे शोधत आम्ही परत त्या चकतीपाशी आलो. खाली मुळे, वर पाने, मध्ये कळी आणि तिथूनच फुलाचा दांडा; म्हणजे कांद्याचे खोड ती चकती. मी शिकवत आले ते अगदीच खोटे नव्हते, कारण कांद्यात खोड असते. मात्र अन्न साठते ते पानांत.

तुलनेसाठी बटाटा आणि आलेही मागवले. बटाट्यावरचे डोळे म्हणजे कळ्या आणि आल्यावरची पेरे तर बोटाला जाणवतात, तेव्हा त्यांना खोड म्हणायला कुणाची हरकत नव्हती. मग एकीने गाजराचाही मुद्दा काढला: गाजराला वर पाला असतो, म्हणजे त्याच्या माथ्यावरही थोडे खोड असणारच. तिचे म्हणणे बरोबर होते. अन्न कोणत्या भागात साठते, असे विचारले तर बटाटा आणि आले एका बाजूला आणि गाजर व कांदा हे दोघेही बाहेर. दोघांचे एकमेकांशीही जमत नाही. माझ्या प्रश्नाला एकच उत्तर नव्हते. मी चार नावे दिली होती, पण गट कशावरून करायचा ते सांगितलेच नव्हते, आणि ते प्रत्येकाने माझ्यासारखेच गृहीत धरावे अशी माझी अपेक्षा होती.

चित्रांच्या पट्ट्या दुपारी काढल्या त्या एका नव्या नियमासह. ढीग लावण्याआधी प्रत्येक गटाने आपला निकष एका वाक्यात लिहायचा आणि तो असा असावा की प्राण्याकडे किंवा वनस्पतीकडे पाहून ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता यावे. ‘छान दिसतो’ हा एका गटाचा निकष तिथेच बाद झाला. ‘पाण्यात राहतो’ मात्र बराच वेळ टिकला आणि त्याने मासा, बेडूक, कमळ व पाणकावळा यांना एकत्र आणले.

पाणकावळा मुलांनी गेल्या हिवाळ्यातल्या सहलीत नांदूरमध्यमेश्वरला पाहिला होता. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा, आणि आमच्यापासून एसटीने जाण्याइतकी जवळ. पंख पसरून वाळवत बसलेला तो काळा पक्षी कावळ्याचाच भाऊबंद असणार, असे तेव्हा सगळ्यांनी धरले होते. आता चित्रात पाय पाहिले तर त्याची चारही बोटे पडद्याने जोडलेली, आणि कावळ्याची सुटी. मग नावांवर संशय घेण्याची मुलांना चटकच लागली. खवल्या मांजर हे मांजर नाही. अंगावर खवले असूनही ते पिलांना दूध पाजते. देवमाशापाशी मात्र एक मुलगा अडून बसला: नावातच मासा आहे, राहतो समुद्रात, पोहतो माशासारखा, मग वेगळा का काढायचा?

त्याला मी कार्ल लिनीअसची गोष्ट सांगितली. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७३५ साली आपले वर्गीकरण पहिल्यांदा छापले तेव्हा देवमासा माशांतच ठेवला होता. फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा हा प्राणी त्याने सस्तन प्राण्यांत आणला तो १७५८ च्या आवृत्तीत.

“म्हणजे तेवीस वर्षं त्याचंही चुकलंच होतं,” तो मुलगा समाधानाने म्हणाला आणि त्याने देवमाशाची पट्टी स्वतः उचलून गायीशेजारी ठेवली.

मधल्या सुट्टीत दोघे जण कुंपणाजवळून कुत्र्याची छत्री उपटून घेऊन आले. (आधी हात धुवायला पाठवले, रानातल्या छत्र्या विषारी असू शकतात हे त्यांना माहीत होते, पण उत्साहात विसरले.) ती वनस्पतींत ठेवावी तर हिरवा रंग नाही, म्हणजे ती स्वतःचे अन्न तयार करत नाही. प्राण्यांत ठेवावी तर जागची हलत नाही आणि तोंडही नाही. कुजक्या लाकडावर उगवते आणि त्यातूनच अन्न शोषून घेते. मुलांनी शेवटी तिला दोन ढिगांच्या मधोमध एका कागदावर ठेवले. मी एवढेच सांगितले की व्हिटाकर नावाच्या शास्त्रज्ञानेही १९६९ साली कवकांना, म्हणजे छत्रीच्या साऱ्या गोतावळ्याला, अशीच वेगळी जागा दिली. सजीवांचे जे पाच मोठे गट, म्हणजे सृष्टी, त्याने केले त्यांपैकी ती एक. कागदावर कुणीतरी ‘तिसरा ढीग’ असे लिहून टाकले आणि तो कागद दोन दिवस, छत्री काळी पडून विरघळेपर्यंत, खिडकीत राहिला.

संध्याकाळी सगळे पेपर पुन्हा काढले. त्या मुलीची लाल फुली खोडून गुण दिला, तो सोपा भाग होता. पण ‘कांदा’ असे उत्तर आणखी एकाने लिहिले होते आणि कारण विचारले नसतानाही दिले होते: ‘चारांत फक्त कांदा डोळ्यांत पाणी आणतो.’ निकष खरा होता, होय किंवा नाही अशा उत्तराचा होता, आणि त्या दिवशी तासभर सगळ्या वर्गाने तो अनुभवलाही होता. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी अर्धा गुण दिला आणि शेजारी लिहिले, ‘लसूण सोलून पाहा आणि उद्या मला सांग.’

उरलेला कांदा मावशींनी तोवर खिचडीत घातला होता.