क्लॉड रेन्स : दुय्यम भूमिकांतला पहिल्या प्रतीचा नट

पुण्यात नाटकवेडी माणसे रंगभूमीवरच्या आवाजाची जितक्या बारकाईने चर्चा करतात, तितक्या बारकाईने पडद्यावरच्या आवाजाची क्वचितच करतात. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर आवाजाची फेक, उच्चार आणि वाक्यात नेमके कुठे थांबावे यांवर तासन्‌तास वाद रंगतात. चित्रपटाचा विषय निघाला की मात्र बोलणे चेहरा आणि डोळे यांच्यापुढे फारसे सरकत नाही. क्लॉड रेन्सविषयी लिहावेसे वाटते ते यासाठीच, कारण हॉलिवूडच्या बोलपटांत या नटाने पाऊल ठेवले तेच चेहरा झाकून.

१९३३च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये अदृश्य झालेल्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत तो जवळजवळ सर्व वेळ बँडेज आणि काळ्या चष्म्यामागे असतो, किंवा मुळीच दिसत नाही. चेहरा दिसतो तो अगदी शेवटी, मृत्यूनंतर, काही क्षणांपुरता. दिग्दर्शक जेम्स व्हेलला हवा होता तो आवाज, आणि शास्त्रज्ञाचा तुसडेपणा हळूहळू उन्मादात बदलत जातो हे रेन्सने त्या आवाजातूनच ऐकवले. तेव्हा त्याने वयाची चव्वेचाळिशी गाठली होती.

हा आवाज त्याला आयता मिळालेला नव्हता. १८८९ साली लंडनमधल्या एका गरीब कुटुंबात तो जन्मला. लहानपणी तो बोलताना अडखळत असे आणि त्याची बोली अस्सल कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगार वस्तीतली होती. कोवळ्या वयातच तो नाटकगृहात पडेल ते काम करू लागला. पुढे नट-निर्माते हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी या मुलातले गुण हेरले आणि त्याच्या वाणीच्या शिक्षणाचा खर्च उचलला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या हल्ल्यामुळे त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळपास गेली. युद्धानंतर त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रमॅटिक आर्टमध्ये शिकवले. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे विद्यार्थी.

सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याला चार वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मध्ये (१९३९) तो भ्रष्ट व्यवस्थेला शरण गेलेला ज्येष्ठ सिनेटर आहे. जेम्स स्टुअर्टचे प्रदीर्घ भाषण सर्वांच्या लक्षात राहते, पण त्या भाषणाचे ओझे आपल्याला जाणवते ते ऐकणाऱ्या रेन्समुळे. समोरच्याचे वाक्य स्वतःवर घेणे म्हणजे काय, हे नव्या नटांना समजावायचे असेल तर मी हाच प्रसंग दाखवीन. ‘कॅसाब्लांका’तला (१९४२) पोलीसप्रमुख कॅप्टन रेनो सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही, लाचखोर माणूस इतका हवाहवासा वाटावा, यात रेन्सच्या हलक्याफुलक्या, कुठेही जोर न देणाऱ्या संवादफेकीचा वाटा फार मोठा आहे, एवढेच नोंदवतो.

माझ्या मते त्याचे सर्वश्रेष्ठ काम हिचकॉकच्या ‘नटोरियस’मध्ये (१९४६) आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा त्याच्या आवाजातले चढउतार प्रथमच नीट कानी पडले. अलेक्झांडर सेबॅस्टियन हा नाझी कटातला माणूस, म्हणजे खलनायकच. पण कथेतले सर्वांत निखळ प्रेम त्याचेच आहे. पत्नी अमेरिकेची हेर असल्याचे कळल्यावर तो भल्या पहाटे आईच्या खोलीत येतो आणि आपण एका अमेरिकन हेराशी लग्न केल्याचे सांगतो. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा तो खालच्या पट्टीत बोलतो आणि आई शांतपणे सिगारेट पेटवते. आईची भूमिका करणारी लिओपोल्डिन कॉन्स्टँटिन त्याच्याहून जेमतेम साडेतीन-चार वर्षांनी मोठी होती, हे पाहताना खरे वाटत नाही. इन्ग्रिड बर्गमनपेक्षा तो चांगलाच बुटका होता. काही दृश्यांत त्याच्या पायांखाली चढ तयार करून ही उणीव झाकली, तर इतरत्र ती तशीच दिसू दिली. त्या दिसण्यानेच सेबॅस्टियनची असुरक्षितता अधिक गडद होते.

शेवटच्या जिन्यावरच्या प्रसंगात नायक सेबॅस्टियनच्या आजारी पत्नीला आधार देत सेबॅस्टियनच्याच डोळ्यांदेखत घराबाहेर नेतो. तोंड उघडले तर आपण फसलो हे साथीदारांना कळेल, आणि गप्प बसलो तर ती जाईल, अशा कात्रीत सापडलेला रेन्स एकेक पायरी उतरतो. मोटारीपाशी त्याची विनवणी जेमतेम दोन-चार शब्दांची आहे, पण त्यात नवरा, गुन्हेगार आणि भेदरलेला माणूस असे तिघेही ऐकू येतात.

नायक म्हणून त्याला मोठी संधी मिळाली ती १९४५च्या ‘सीझर अँड क्लिओपात्रा’त. तिथे त्याची वाणी अप्रतिम आहे, पण चित्रपट जड आणि रेंगाळणारा आहे. रंगभूमीवर मात्र ‘डार्कनेस ॲट नून’मधील प्रमुख भूमिकेसाठी त्याला १९५१ साली टोनी पुरस्कार मिळाला. १९६२च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तला मुत्सद्दी ड्रायडन अवघ्या काही प्रसंगांत येतो, भोवती सेनापती आणि राजपुत्र वाद घालत असताना तो तोलूनमापून एखादे वाक्य बोलतो आणि साम्राज्याचा कारभार खरोखर कोण चालवतो, ते उघड होते. १९६७ साली त्याचे निधन झाले. त्याच्याकडे नव्याने वळू इच्छिणाऱ्यांनी आधी ‘नटोरियस’ पाहावा, आणि जमल्यास त्यातला आईच्या खोलीतला प्रसंग दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकावा.